कॉम्प्युटरचा काटा शून्यावर

प्रिय धाकट्या मेहुण्या,

थोरल्या मेहुण्याचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. (हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढच्या मजकुराशी त्याचा संबंध लावू नये.) तुझी पाठ कशी आहे? दिवसभर रुग्णालयातल्या कॉम्प्युटरांपुढे वाकून बसतोस, दुसरं काय होणार. आमच्या वजनमापे खात्यात नियम होता की डोळा काट्याच्या बरोबर समोर आणि पाठ सरळ. काटा बघायला माणसाने वाकायचं नाही, काटाच डोळ्याच्या उंचीवर आणायचा. त्यामुळे निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली तरी माझी पाठ ठणठणीत आहे, आणि डोळे तर पाठीपेक्षाही बरे. केसाएवढा फरक मला लांबून दिसायचा, हे बाजारातला कोणीही दुकानदार आजही तुला सांगेल, अर्थात जो अजून माझ्याशी बोलतो तो. तुमच्या अक्काचं गुडघ्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं हे तुला कळलंच असेल. तुझी ताई तिच्या सोबतीला गेली आहे ती अजून तिकडेच आहे. परवा येते आहे. या 'परवा'बद्दल पुढे लिहितो.

पत्र हाताने का लिहितोय असं तू विचारशील. कॉम्प्युटरवर लिहिणं सध्या थोडं अवघड झालं आहे. कॉम्प्युटर चालू आहे, अगदी उत्तम चालू आहे, किंबहुना बंदच होत नाही. पण तो सध्या कुशीवर झोपलेला आहे. हेही पुढे येईल. मला कोणतीही हकिकत मधूनच सांगायला आवडत नाही. पंचनाम्यात आधी जागा, मग वस्तू, मग दोष, असा क्रम असतो. तोच इथे ठेवतो.

जागा म्हणजे आमच्या स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोलीमधला बोळ, जिथे पूर्वी इस्त्रीचं टेबल होतं. त्याच्याशेजारी माझं कपाट आहे, ज्यात निवृत्तीच्या वेळी मला भेट मिळालेला पितळी वजनांचा संच आहे. वस्तू म्हणजे तो जुना कॉम्प्युटर, जो आम्ही भंगारात काढत होतो आणि तू वाचवलास. वाचवताना त्यात ते लिनक्स घातलंस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यात एक पेंग्विन असतो असं तू म्हणाला होतास, तो मला अजून भेटलेला नाही, पण त्याचीही तक्रार नाही. मशीन सुरू केलं की आत शिरायला दोन गोल दिसतात. डावा गोल आपला आणि उजवा मशीनचा स्वतःचा, त्याला हात लावायचा नाही, असं तूच सांगितलं होतंस. मी आजतागायत लावलेला नाही. सरकारी माणसाला शिक्का असलेल्या जागेला हात लावायचा नसतो हे शिकवावं लागत नाही.

आता दोष. लहान तोंडी मोठा घास नको, शिवाय ती तुझी बहीण आहे, पण मशीन कसं लावावं याची तुझ्या ताईला अजिबात समज नाही. पडद्यावरची अक्षरं एवढी मोठी, की बातमीचा मथळा वाचून होईपर्यंत बातमी शिळी व्हावी. बाण एवढा जाड आणि पिवळा, की शेतातलं बुजगावणं परवडलं. सगळी चिन्हं आणि ती बटणांची पट्टी डाव्या कडेला कोंबलेली, आणि उजवी बाजू ओसाड. (एवढी चांगली जागा वाया घालवायचं कारण काय? मी एकदा विचारलं तर म्हणाली, "असू दे, तिकडे हवा खेळते.") एखादं चिन्ह उघडायला दोनदा दाबावं लागतं ना, तर तिने ते इतकं सावकाश करून ठेवलं होतं, की एकदा दाबून चहाचा घोट घ्यावा आणि मग दुसऱ्यांदा दाबावं, तरी मशीन काही म्हणायचं नाही. आणि मागचं चित्र तर आमच्या जुन्या कचेरीतल्या मोठ्या काट्याचं, ज्याच्यावर अख्खा ट्रक उभा राहायचा. तिला त्या काट्याचं एवढं प्रेम असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. नोकरीत असताना मी त्याच्याबद्दल बोलायला लागलो की ती उठून आत जायची. माणसाच्या मनात काय असतं ते सांगता येत नाही.

आश्चर्य याचं वाटतं, की तुझ्या ताईचे डोळे घारीसारखे आहेत. ती तांदळातला खडा उभ्याने बघते. तिला एवढी मोठी अक्षरं कशाला लागावीत? बरं, ती कामाला बसली की पाठीमागे कोणी उभं राहिलेलं तिला चालत नाही, त्यामुळे विचारायचीही सोय नाही. ती पुस्तकांच्या मागची सूची तयार करते हे तुला माहीत आहेच. सध्या घड्याळांच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक तिच्याकडे आहे. आधी सगळं नुसतं वाचते, मग पेन्सिल घेऊन वाचते, आणि मग मशीनवर बसते. शब्द सापडला की तो हळूच उच्चारते. घरभर ऐकू येतं, "लंबक... लंबक... लंबकाची दोरी..." मी माझा पेपर वाचत असतो. तिचं काम झालं की मी त्याच मशीनवर हवामान बघतो, पत्ते लावतो. पण तिच्या कामाची एकही फाइल मला तिथे कधी दिसलेली नाही. कुठे ठेवते देव जाणे. चांगले कपही ती असेच ठेवते, पाहुणे आल्याशिवाय ते घरात आहेत असं कोणाला वाटू नये.

तर तुझी ताई गेल्यावर खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य चहाला आले. तू त्यांना पाहिलं आहेस. माणूस चांगला आहे, फक्त तोंडात हत्यार असलेल्या लोकांना प्रश्न विचारायची आयुष्यभर सवय असल्यामुळे उत्तरासाठी थांबत नाही. ते पडद्याकडे बघून म्हणाले की हे काय, बालवाडीचं पुस्तक आहे का, आणि पट्टी अशी भिंतीला का लावली आहे, सगळ्या जगाची खाली असते. मी सांगणार होतो की हे माझं नाही, पण ते पुढे बोलत राहिले. बोलता बोलता म्हणाले की डोळ्यांचं काही असेल तर वेळेवर दाखवावं. मी त्यांना तिथल्या तिथे खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली. (ती पाटी मला पाठ आहे हा भाग वेगळा. दुकान माझ्या डोळ्यांसमोरच उघडलं.) त्या गडबडीत चहाचा कप उजव्या हाताशी होता तो सांडला. गेले काही दिवस हे फार होतंय. तुझी ताई कप नेहमी डावीकडे ठेवते, आणि मी आपला सरळमार्गी माणूस उजवीकडे ठेवतो. कोणतीही नवी व्यवस्था लागू व्हायला वेळ लागतो.

पण दंतवैद्यांचं बोलणं मला झोंबलं. मी हयातभर काटे शून्यावर आणले. तराजू नवा असो, जुना असो, त्याचं एक मूळ शून्य असतं, आणि लोक पारड्याखाली चिंच चिकटवून, दोरी आखूड करून, तो शून्यापासून हलवतात. निरीक्षकाचं काम एवढंच, की त्याला परत जागेवर आणायचं. म्हटलं, आपल्याच घरात, आपल्याच बोळात, एक मशीन असं शून्य सोडून उभं आहे आणि आपण त्यावर पत्ते लावतोय. तुझी ताई यायच्या आत ते मुळावर आणायचं आणि तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा असं मी ठरवलं. धक्क्याची तयारी पूर्ण झाली आहे, आश्चर्याचंच काय ते बघायचं.

पहिल्यांदा पट्टी खाली आणायला घेतली. तिच्यावर उजवं बटण दाबलं की यादी येते. त्यात 'हलवा' आहे आणि 'काढा' आहे. मी विचारपूर्वक 'काढा' निवडलं. पारडं पुसायचं तर आधी काढावं लागतं, मग पुसून दुसरीकडे लावता येतं. मशीनने विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं. पट्टी गेली. ती दुसरीकडे लावायची सोय कुठे आहे हे बघायला गेलो तेव्हा समजलं की ती सोयही त्या पट्टीतच होती. कॉम्प्युटर बंद करायचं बटणही तिच्यातच होतं. तेव्हापासून तो चालू आहे. रात्री मी त्याच्यावर टेबलक्लॉथ घालतो, निदान त्याला अंधार तरी मिळावा.

मग मागच्या चित्रावर उजवं बटण दाबत दाबत मी पडद्याच्या मांडणीत शिरलो. तिथे दिशा बदलायची सोय आहे. पट्टी कोणत्या दिशेला असावी हे ते विचारतायत असा माझा समज झाला. पट्टी असती तर बहुधा खरा ठरला असता. मी दिशा बदलली आणि पडद्यावरचं सगळं कुशीवर वळलं. मशीनने पुन्हा नम्रपणे विचारलं, असंच ठेवू का? प्रश्नही कुशीवरच होता, त्यामुळे मला मान वाकडी करून वाचावा लागला, आणि घाईत मी हो म्हटलं. (हे मशीन फार नम्र आहे. आमच्या साहेबांसारखं ओरडलं असतं तर मी पुढे गेलोच नसतो.) परत फिरवायचं तर बाण मी डावीकडे सारला की वर जायचा आणि वर सारला की भलतीकडे. शेवटी दंतवैद्यांना बोलावलं. त्यांनी बाण धरून बघितला, त्यांच्याकडूनही तो निसटला, आणि ते म्हणाले की मुळावरच गेलंय. त्यांच्या धंद्यात याचा एकच इलाज असतो, तो त्यांनी सुचवला. मी नकार दिला.

चित्र फिरत नसेल तर मॉनिटर फिरवावा, हे साधं गणित मला सुचलं. आम्ही दोघांनी मॉनिटर बुडाच्या दांड्यासकट उचलला आणि कुशीवर ठेवला. तो सरळ राहीना, म्हणून कपाटातली पितळी वजनं काढून दोन्ही बाजूंनी टेकू दिला. मग पाणसळ लावून पाहिली. बुडबुडा अगदी मधोमध. दंतवैद्यांनी मान्य केलं की असं सपाटीत लावलेलं मशीन त्यांनी आजवर पाहिलेलं नाही. मीही पाहिलेलं नाही. अक्षरं सरळ झाली, पट्टी मात्र नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी दंतवैद्य एक कागद घेऊन आले. त्यांच्या दवाखान्यात दात दुखत बसलेला कोणी पेशंट या विषयातला निघाला, त्याने तो लिहून दिला होता. एक काळी खिडकी उघडायची, तीत एक ओळ लिहायची, की सगळं जसं पहिल्या दिवशी होतं तसं होतं. 'पहिल्या दिवशी' हे शब्द वाचून मला बरं वाटलं. ओळीच्या शेवटी एक तिरकी रेघ होती, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की रेघेपुढे ज्या भागाची दुरुस्ती हवी त्याचं नाव लिहावं. ती बारीक अक्षरं मी नंतर, भिंग घेऊन वाचली. (भिंग मी अचूकतेसाठी वापरतो, डोळ्यांसाठी नाही.) आमच्या कचेरीत आकड्यापुढे तिरकी रेघ ओढली की पुढे कोणी काही लिहू नये असा अर्थ असे. मी पुढे काही लिहिलं नाही. तिकडे मात्र नुसती तिरकी रेघ म्हणजे 'सगळंच्या सगळं' असं समजतात. दोन खात्यांमध्ये असे फरक असतात.

मी बटण दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला, मग पट्टी आली, खाली, जशी जगाची असते तशी. कचेरीचा काटा गेला आणि त्याच्या जागी कुठल्या तरी हिरव्या टेकड्या आल्या, ज्यांच्याशी आपला काही संबंध नाही. दंतवैद्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. मॉनिटर सरळ करायला गेलो तर चित्र पुन्हा कुशीवर गेलं. मूळ स्थितीतही ते कुशीवरच राहतं, तेव्हा ते मुळातच कुशीवर असावं असं माझं मत झालं आणि आम्ही मॉनिटर परत झोपवला. काटा शून्यावर आला होता. मी खरं सांगतो, निवृत्तीनंतर इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

तो आनंद दंतवैद्य जिना उतरेपर्यंत टिकला.

मेहुण्या, ज्यांनी हे मशीन बनवलं त्यांनी ते मुंग्यांसाठी बनवलं आहे. अक्षरं दिसतात, म्हणजे मला दिसतात, पण ती अक्षरं आहेत एवढंच दिसतं, कोणती ते नाही. बाण शोधायला मला उंदीर टेबलभर फिरवावा लागतो, आणि उजव्या बाजूला गेला की तो गेलाच. तिकडे काही बिघाड आहे, तू बघून घे. दोनदा दाबायचं तर इतक्या झटकन दाबावं लागतं, की पहिलं आणि दुसरं यांच्यात माणसाला विचार करायला वेळच राहत नाही. माझं बोट पहिल्यांदा दाबतं, मग जरा थरथरतं, मग दुसऱ्यांदा दाबतं, तोवर मशीनचं लक्ष उडालेलं असतं. (थरथर थंडीची आहे.) शेवटी उंदीर डाव्या हाताने धरून उजव्या हाताच्या मुठीने दाबतो तेव्हा एखादवेळी उघडतं. हवामान बघितलं तर ते आपल्या गावचं नव्हतंच. पत्त्यांत राजा आणि गुलाम मला सारखेच दिसतात. तुझ्या ताईची ती बालवाडी मला आता आठवते आहे. ती चूक होती हे मी अजूनही म्हणतो, पण त्या चुकीत पेपर वाचता येत होता.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण मग तिची सूची आठवली. 'सगळंच्या सगळं' म्हणजे सगळंच, नाही का? मी भिंग घेऊन सगळे कप्पे उघडले. मुठीने उघडले. घड्याळ नाही, लंबक नाही, लंबकाची दोरी नाही. आधीही दिसत नव्हती हे खरं, पण आधी ती कुठेतरी आहे असं मला माहीत होतं. आता ती कुठेच नाही अशी भीती वाटते, आणि न दिसणाऱ्या दोन गोष्टींतला फरक कसा ओळखायचा हे आम्हाला खात्यात शिकवलं नव्हतं. तेवढ्यात प्रकाशकांच्या माणसाचा फोन आला. पुस्तक छपाईला उभं आहे, फक्त सूचीसाठी अडलं आहे, बाईसाहेब आल्या की लगेच मिळेल ना, असं विचारत होता. मी सांगितलं की सगळं मूळ स्थितीत आहे. त्याचं समाधान झालं. मला त्या समाधानाचा फार त्रास होतो आहे.

तू म्हणशील, एवढं काय, पुन्हा करेल. तुला माहीत नाही. थंडीत सुरू केलेलं काम आहे. खांद्यावर शाल घेऊन बसायची, पुढे शाल गेली आणि पंखा आला, तरी ती बसलेलीच. एकेका शब्दासाठी मागची पुढची पानं उलटायची, 'तबकडी' कुठे कुठे आली आहे ते बघायची. माझ्या खात्याने मला पितळी वजनं दिली. तिचं नाव तर पुस्तकाच्या आतही छापत नाहीत. आणि ते सगळं मी एका तिरक्या रेघेने पुसून टाकलं असेल तर मी तिला काय तोंड दाखवू? मला खरंच भीती वाटते आहे. हे मी दंतवैद्यांना सांगितलं नाही, तुला सांगतो आहे. घर फार शांत आहे. बोळातून जाताना कोणी 'लंबक' म्हणत नाही. मघाशी मीच एकदा म्हणून बघितलं, पण ते काही जमलं नाही.

असो. तू कामाचा माणूस आहेस, तुझा जास्त वेळ घेत नाही. हे पत्र केवळ खुशाली कळवण्यासाठी लिहिलं आहे, दुसरा काही हेतू नाही. पाठीला जप. खुर्ची उंच करून घे, म्हणजे पडदा डोळ्यासमोर येईल. आमचा सध्या टेबलाला टेकलेला आहे, तरी मी तक्रार करत नाही.

तुझा,
थोरला मेहुणा

ता. क. : एक किरकोळ गोष्ट राहिली. ताई पोचली की तिला फोन कर आणि सांग, की तुझ्याकडून मशीनला काहीतरी नवं पाठवलं गेलं आणि त्यात सगळ्यांच्याच घरचे पडदे असे झाले. सूचीबद्दलही जमेल तसं सांग. तू धाकटा आहेस, तुझ्यावर ती ओरडेल आणि विसरेल. माझ्यावर ती ओरडत नाही. गप्प बसते, आणि ते मला सोसत नाही.

ता. क. दुसरा : वरचा ता. क. काल लिहिला, तो रद्द समजावा. ती आजच आली, एक दिवस आधी. अक्का हिंडूफिरू लागली म्हणे. (माणसं हल्ली फार लवकर बरी होतात.) तिने बोळाच्या दारातून मॉनिटरकडे पाहिलं, वजनांकडे पाहिलं, पाणसळीकडे पाहिलं. चहा केला आणि कप माझ्या डाव्या हाताशी ठेवला. मग विचारलं, "डोळे का लाल झालेत तुमचे?" मी म्हटलं धूळ फार आहे. मी आता फिरायला जातो आहे. हे पत्र पाकिटात घालून नीट चिकटवून तिच्याकडेच टाकायला देतोय, पेटी माझ्या वाटेवर नाही. आत अक्काच्या गुडघ्याबद्दल लिहिलंय असं तिला सांगितलं आहे. तेव्हा उत्तरात गुडघ्याबद्दल दोन शब्द लिही. सूचीचं मी तिला सांगितलेलं नाही. फिरून आलो की सांगतो. तुझ्या नावावर ढकलणार नाही.

ता. क. तिसरा, ताईचा : धाकट्या, मी लिहिते आहे. पाकीट त्यांनी खरंच नीट चिकटवलं होतं, फक्त उजवी बाजू राहून गेली होती. तिकडून पत्र बाहेरच आलं. उजवीकडे जाताना त्यांच्या ओळी कशा खाली उतरत गेल्यात ते तुझ्याही लक्षात आलं असेल.

सूचीला धक्का लागलेला नाही. ती उजव्या गोलात आहे, जिथे ती नेहमी असते, आणि आज प्रकाशकांकडे गेलीसुद्धा. तुला आठवतंय ना, एकदा त्यांनी माझ्या सगळ्या फाइली वजनाप्रमाणे लावून ठेवल्या होत्या, जड खाली आणि हलकी वर? त्यानंतरच तू त्यांचा गोल वेगळा करून दिलास आणि माझा मशीनचा आहे म्हणून सांगितलंस. बरं केलंस. त्यांनी जे पुसलं ते त्यांचं स्वतःचंच होतं. ती मोठी अक्षरं, तो पिवळा बाण, डावीकडची पट्टी, तो त्यांचा काटा, सगळं मीच एकेक करून त्यांच्यासाठी लावलं होतं, त्यांना कळू न देता. माझा पडदा तर तू दिलास तसाच आहे, बारीक अक्षरांचा. ते माझ्या खुळाला नावं ठेवत बसले आणि मी ठेवू दिली, कारण तेवढ्यावर पेपर वाचून होत होता.

ते फिरायला गेले तेवढ्यात मी मॉनिटर उभा केला आणि सगळं परत लावलं. अक्षरं या वेळी आणखी एक घर मोठी केली. ते दोनदा सावकाश दाबायचं कुठे असतं ते तेवढं आता आठवेना, ते कळव. परत आल्यावर दारातच म्हणाले, "मला तुला काहीतरी सांगायचं आहे." आणि सगळं सांगितलं, तुझं नाव न घेता. मी सूची सुखरूप असल्याचं सांगितलं. मग पडद्याकडे लक्ष गेलं तेव्हा म्हणाले, "बघ, मशीनला जरा वेळ दिला की काटा आपोआप शून्यावर येतो." मी हो म्हटलं.

आता माझं काम. तुझ्या रुग्णालयात डोळ्यांचा विभाग आहे. तिथल्या मोठ्या डॉक्टरांशी बोलून ठेव, आणि तुझ्या भाऊजींना फोन करून सांग की तिथल्या डोळे तपासायच्या यंत्राचा काटा शून्यावर नाही, कोणालाच जमत नाहीये, तुम्ही एकदा येऊन बघा. समोर बसून, त्यात डोळा लावूनच बघावं लागेल असं सांग. आढेवेढे घेणार नाहीत. पाणसळ बरोबर आणतील, आणू दे. फक्त तपासणी चालू असताना तू त्यांच्या उजव्या बाजूला राहू नकोस. डावीकडे उभा राहा, म्हणजे तू जवळ आहेस हे त्यांना दिसेल.